माफीचा प्रवेश

वर्गात शोकांतिका शिकवताना मी फळ्यावर दोन शब्द लिहायची. महत्त्वाकांक्षा आणि विश्वासघात. मुलं ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत परत लिहून देत. शहाद्याच्या कॉलेजात कितीतरी वर्षं मी हे केलं आणि मला वाटत राहिलं की मला ते कळलंय. पण त्या दोन शब्दांमध्ये केवढं अंतर असतं आणि माणूस ते कसं चालून जातो, हे मी पाहिलं ते तापीकाठच्या एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये.

मी मूळची कोल्हापूरकडची. नवऱ्याची बँकेतली बदली शहाद्याला झाली म्हणून इकडे आले. पुढे इथेच नोकरी मिळाली, मुलगी इथेच शिकली आणि पुण्याला गेली. नवरा गेल्यावर मुलगी म्हणाली, आता तिथे काय आहे, ये इकडे. मी 'येते' म्हणाले आणि गेले नाही. पुण्यात तिचं घर होतं, माझं नव्हतं. इथेही माझं फार कोणी नव्हतं. शेजारी मारवाडी कुटुंब होतं, त्यांचं कापडाचं दुकान. सणाला ताट यायचं, मी रिकामं ताट धुऊन त्यात साखर घालून परत द्यायची. दारातच बोलणं व्हायचं, दारातच संपायचं. इतक्या वर्षांनंतरही मला अहिराणी नीट बोलता येत नव्हती. समजायची सगळी. बाजारात भाजीवाली माझ्याशी बोलताना मुद्दाम शाळेतलं मराठी बोलायची, आणि ते ऐकलं की आपण पाहुण्याच आहोत हे पुन्हा कळायचं.

आबा कॉलेजात आले तो दिवस आठवतो. पांढरा सदरा, पायात चामडी वहाणा, केळीच्या चिकाचे डाग पडलेली बोटं. तापीकाठच्या त्या गावातले गुजर शेतकरी. घरात गुजरी, गावात अहिराणी आणि माझ्यासारख्यांशी जपून मराठी, अशा तीन भाषा ते रोज वापरायचे. स्टाफरूममध्ये खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मॅडम, मी एक नाटक लिहिलंय. अहिराणीत. शोकांतिका म्हणा. त्यात सेनापतीची बायको आहे. गावातली एकही बाई तयार नाही."

मी म्हणाले, "मला अभिनय येत नाही. आणि तुमची भाषाही येत नाही."

"तुम्ही शोकांतिका शिकवतात ना?"

"शिकवते."

"मग निम्मं काम झालेलंच आहे," ते म्हणाले. यात विनोद आहे असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही.

मी नाही म्हणायला हवं होतं असं तेव्हा सगळे म्हणाले. पण पुढच्या रविवारी मी बसने त्यांच्या फाट्यावर उतरले. तिथे एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस मोटरसायकल घेऊन उभा होता. आबांचा लहानपणचा मित्र. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. त्याने मला गावात नेलं, आणि पुढची तीन-चार वर्षं दर रविवारी तोच मला फाट्यावरून नेत आणि आणून सोडत राहिला. वाटेत फारसं बोलायचा नाही. एखाद्या खड्ड्याआधी "धरून बसा" एवढंच.

तालीम आबांच्या अंगणालगतच्या शेडमध्ये चालायची. एका बाजूला ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, खताच्या रिकाम्या गोण्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत आमचा राजवाडा. दुपारी पत्रा तापायचा. आबांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो, चहा आणायच्या आणि उंबऱ्यावर बसून ऐकायच्या. मी "माझं" म्हणाले की त्या तिथूनच हळू म्हणायच्या, "ताई, मन्हं." मी पुन्हा म्हणायची. कित्येक वर्षांत कुणी मला 'ताई' म्हणून हाक मारली नव्हती. मी कॉलेजात मॅडम होते, फोनवर आई होते.

नाटक साधं होतं. एक म्हातारा, निपुत्रिक राजा. त्याचा लहानपणापासूनचा सोबती सेनापती. सेनापतीची बायको त्याला रोज टोचते, तू आयुष्यभर दुसऱ्याच्या मागेच चालणार का म्हणून. एके दिवशी सेनापती किल्ल्याची चोरदिंडी शत्रूला उघडून देतो आणि स्वतः गादीवर बसतो. मग त्याला प्रत्येकाची भीती वाटू लागते. जवळची माणसं तो एकेक करून संपवतो. बायको झुरून मरते. शेवटी त्याला कळतं की जुना राजा मेलेला नाही, आंधळा होऊन एका गुराख्याच्या झोपडीत पडून आहे. तो तिथे जातो आणि गुडघे टेकतो. राजा त्याला चाचपून ओळखतो आणि म्हणतो, "उठ. मी तुले माफ करं." एवढं बोलून राजा मरतो, आणि सेनापती स्वतःच्याच तलवारीने जीव देतो.

सेनापती आबा करायचे. राजा भाऊ करायचा.

मी एकदा आबांना विचारलं होतं, लेखक तुम्ही, दिग्दर्शक तुम्ही, मग राजा का नाही झालात? ते म्हणाले, "तो आयुष्यभर माझ्यामागे उभा राहिला, मॅडम. शाळेत, कबड्डीत, गावच्या राजकारणात. इथे तरी त्याला पुढे बसू दे." भाऊ तिथेच होता, फडक्याने मुकुट पुसत. त्याने ऐकलं. तो मुकुट पुसतच राहिला. त्यात मला तेव्हा वेगळं काही वाटलं नाही.

प्रयोग बरे होऊ लागले. शहाद्यात झाले, ब्राह्मणपुरीला झाला, सारंगखेड्याकडच्या दोन-तीन गावांत झाले. बायका मला ओळखू लागल्या. बसस्टँडवर एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तूच ना ती? नवराले वाया घालनारी?" आणि माझ्या गालाला हात लावून गेली. मी घरी येऊन कितीतरी वेळ आरशासमोर उभी होते. माझ्या गालाला शेवटचा हात कुणाचा लागला होता ते आठवत होते.

मग गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंच थेट निवडून द्यायचा होता, जागा खुली होती. आबा उभे राहणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. त्यांनी आजवर दुसऱ्यांना निवडून आणलं होतं, स्वतः कधी उभे राहिले नव्हते. भाऊ त्यांचा सगळा प्रचार बघणार होता. कुठल्या घरात कोण रुसलंय, कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाला बसमधून आणायचंय, हे सगळं भाऊला पाठ. रविवारी तालमीनंतर तेच बोलणं चालायचं. मी चहा पीत ऐकायची.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी भाऊने स्वतःचा अर्ज भरला. समोरच्या पॅनेलकडून.

हे मला कॉलेजात एका विद्यार्थिनीकडून कळलं. ती त्याच गावची. मी तिला म्हणाले, तुझी काहीतरी गफलत झाली असेल. ती म्हणाली, नाही मॅडम, गुलाल घेऊनच आले होते.

छाननीच्या दिवशी दुपारी माझ्या दाराची कडी वाजली. दारात आबा. इतक्या वर्षांत ते माझ्या घरी कधी आले नव्हते. मी बाहेरची खुर्ची झटकली, ते बसले. माझ्याकडे व्हरांड्यात एकच खुर्ची होती. मी उंबऱ्यावर बसले. पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"अर्ज बाद झाला," ते म्हणाले.

"कशावरून?"

"अतिक्रमण. शेड गावठाणाच्या जागेत आहे. निम्मी तरी आहे. खरंच आहे ते. मोजणी झाली तर निघेलच." थोडं थांबून म्हणाले, "हरकत भाऊने घेतली."

शेजारच्या दुकानात कुणीतरी कापड फाडल्याचा आवाज येत होता.

"पत्रा त्यानेच ठोकला होता, मॅडम," आबा म्हणाले. "वर चढून. मी खालून धरला होता. तेव्हा तो म्हणाला होता, इकडे अजून चार फूट सरकव, कोण विचारतंय. अधिकाऱ्यासमोर तो हेच सांगत होता. किती फूट, कुठून कुठे. सगळं बरोबर सांगितलं त्याने. एक शब्द खोटा नव्हता."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. अधिकाऱ्याकडे बघत होता, भिंतीकडे बघत होता." मग ते पाणी प्यायले. "आता जातो. स्टँडवर गाडी लागली असेल."

उठताना त्यांनी एकच विचारलं. "कोरीटचा प्रयोग आहे पुढच्या आठवड्यात. तुम्ही येणार ना?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आबा, प्रयोग कसा करणार? भाऊ..."

"कोरीटवाल्यांना शब्द दिलाय. त्यांच्या जत्रेत दिलाय. त्यांचा आमच्या निवडणुकीशी काय संबंध?"

"पण भाऊ येईल का?"

"येईल," आबा म्हणाले. "त्याला राजा दुसऱ्याला द्यायचा नाही."

भाऊ आला. मला फाट्यावरून न्यायला कुणी नव्हतं. नंदुरबारहून मी जीपमध्ये दाटीवाटीने बसून कोरीटला पोचले तेव्हा शाळेच्या पटांगणात मांडव उभा होता आणि भाऊ वर्गाच्या एका कोपऱ्यात, बाकावर, एकटा बसून तोंडाला रंग लावत होता. बरोबर आलेले दोन कार्यकर्ते बाहेर उभे होते. बाकीची मंडळी दुसऱ्या कोपऱ्यात. मध्ये रिकामे बाक. मी आत आले, आणि कुठे बसावं मला कळेना. शेवटी मी खिडकीजवळ उभी राहूनच साडी नेसले, एका बाईने चादर धरली होती.

संध्याकाळी उजेड असतानाच प्रयोग सुरू झाला, कारण कोरीटच्या लोकांना सकाळी कापूस वेचायला जायचं होतं. मी आजवर किती वेळा ते नाटक केलं होतं, पण त्या दिवशी माझीच वाक्यं मला जड गेली. चोरदिंडी उघडायच्या आधी मी नवऱ्याला टोचते तो प्रवेश. मी बोलत होते, "तू त्यान्हा मांगेच चालनार का जलमभर?" आणि समोर आबा खाली मान घालून ऐकत होते. विंगेत भाऊ उभा होता, आंधळ्या राजाची पट्टी हातात घेऊन. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. त्याचे ओठ हलत होते. माझं वाक्य तो मनातल्या मनात म्हणत होता.

माझं पात्र मेल्यावर मी नेहमी विंगेत संहिता घेऊन उभी राहायची, कुणी अडलं तर सांगायला. त्या दिवशीही उभी राहिले. शेवटचा प्रवेश. गुराख्याची झोपडी, बाजेवर आंधळा राजा. आबा आले. त्यांनी तलवार बाजूला ठेवली. गुडघे टेकले. डोकं राजाच्या पायावर ठेवलं.

ज्याला फसवलं होतं तो गुडघ्यावर, आणि ज्याने फसवलं तो वर बसून माफ करणार. मला विंगेत उभं राहवेना. नाटक आबांनीच लिहिलं होतं, हा प्रवेशही त्यांचाच, आणि ते त्यात एका अक्षराचीही कसूर करत नव्हते. त्यांचा आवाज खरोखर माफी मागणाऱ्या माणसाचा होता.

राजाने हात पुढे केला, त्यांचा चेहरा चाचपला. मग वाक्य यायला हवं होतं. आलं नाही.

मी विंगेतून हळूच म्हणाले, "उठ. मी तुले माफ करं."

भाऊ गप्प. पट्टीखाली त्याचे डोळे दिसत नव्हते. लोक शांत झाले. एक मूल रडत होतं तेही थांबलं. मी पुन्हा वाक्य सांगितलं, जरा मोठ्याने. त्याचा हात आबांच्या गालावर तसाच.

मग मी आबांचा आवाज ऐकला. सेनापतीचा नव्हे, त्यांचा स्वतःचा, अगदी बारीक. "बोल ना भो. लोके वाट देखी ऱ्हायनात."

भाऊ बोलला. "उठ," म्हणाला. नंतर खूप वेळाने, "मी तुले माफ करं." शेवटचा शब्द ऐकूच आला नाही. तो बाजेवर आडवा झाला, आबांनी ठरल्याप्रमाणे तलवार घेतली आणि पडले. टाळ्या पडल्या. कोरीटचे लोक नंतर सांगत होते, असा राजा आम्ही पाहिला नाही, काय ते थांबणं!

वर्गात परतल्यावर भाऊ पाठमोरा उभा होता. मुकुटाची नाडी मागे गाठ मारून बांधलेली असायची, एकट्याला सुटायची नाही. नेहमी आबाच सोडायचे. त्या दिवशीही त्यांनी जाऊन सोडली. मी दारात होते, दोघांनाही मी दिसत होते, पण त्यांना पर्वा नव्हती.

"कसाले करं रे?" आबांनी विचारलं. का केलंस, म्हणून. आवाज चढला नव्हता.

भाऊ बराच वेळ खोबरेल तेलाने रंग पुसत राहिला. मग म्हणाला, "तू मले स्टेजवर राजा करं. खाले कधीच नही."

"एक डाव सांगानं व्हतं. मी बाजूले व्हई जातू."

"तेच ते," भाऊ म्हणाला. "मंग तेबी तुन्हंच देनं ऱ्हातं."

आबांनी मुकुट बाकावर ठेवला. मित्राला फसवणाऱ्या माणसाची मला चीड यायला हवी होती, आणि ती आलीच होती. पण त्या दिवशी मला हेही दिसलं की आयुष्यभर कुणीतरी प्रेमाने आपल्याला दुसरी जागा देत राहणं हे कुणाकुणाला किती कडू लागत असेल. माझ्या फळ्यावरच्या शब्दांत ते कुठे बसत नव्हतं. आणि त्यामुळे त्याने जे केलं ते काही कमी होत नव्हतं.

भाऊ निवडून आला. चांगल्या मतांनी आला. निकालानंतर महिन्याभरात शेड पाडली. नोटीस त्याच्याच सहीने आली असं म्हणतात. आबांनी मजूर लावून स्वतःच पत्रे उतरवले, कुणाला यायची गरज पडली नाही. मी गेले तेव्हा अंगणाच्या कडेला उघडी जमीन होती, नळ्यांची भेंडोळी ओट्यावर आणून ठेवली होती. वहिनींनी चहा केला. आबा म्हणाले, केळीवर करपा पडलाय यंदा. आम्ही करप्याबद्दल बोललो. नाटकाचं नाव कुणी काढलं नाही. मी निघताना वहिनी फाट्यापर्यंत पायी आल्या, आणि बस येईपर्यंत माझा हात धरून उभ्या राहिल्या.

मंडळी पांगली. एकाने सुरतेला काम धरलं, दोघं भाऊच्या पॅनेलमध्ये गेले. माझे रविवार परत माझे झाले. सुरुवातीला दुपारी मी बसस्टँडपर्यंत चालत जायची. कुठे जायचं नसायचं. गाड्या लागायच्या, कंडक्टर गावांची नावं ओरडायचे, आणि आबांच्या गावाकडची गाडी सुटली की मी परत फिरायची. मुलीला फोनवर हे सांगितलं नाही. ती म्हणाली असती, बघ, मी म्हणत नव्हते का.

निवृत्तीनंतरही मी शहाद्यातच राहिले. एकदा भाऊ भेटला, तहसील कचेरीसमोर. गाडी होती, माणसं होती. त्याने माणसांना पुढे पाठवलं आणि माझ्यापाशी थांबला.

"मॅडम, एखादं नाटक बसवत नाहीत का आता?"

"कुणाला घेऊन बसवू?" मी म्हणाले.

त्याने पुढे गेलेल्या माणसांकडे पाहिलं. "रविवारी लई रिकामं वाटतं," म्हणाला. सरपंच झालेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी मान हलवली आणि गेले.

शोकांतिकेच्या शेवटी माणसं मरतात. मी मुलांना सांगायची, त्या मरणाने मन हलकं होतं. हे दोघे मात्र मेले नाहीत. एकाच गावात राहिले, एकाच डेअरीवर दूध घालत राहिले, एकाच्या दारावरून दुसऱ्याला शेतात जावं लागत राहिलं. पडदा पडायची सोय तिथे नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात ब्राह्मणपुरीला एका विद्यार्थिनीचं लग्न होतं. पंगत बसली होती, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मला यायला उशीर झाला. एकच जागा मोकळी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या दोघांनी ती मुद्दाम मध्ये सोडली होती, नाहीतर त्यांना एकमेकांना लागून बसावं लागलं असतं. डावीकडे आबा, उजवीकडे भाऊ. आबा खूप वाळले होते. मी बसले.

"या मॅडम," आबा म्हणाले.

"या," भाऊ म्हणाला.

वाढपी तुपाची कासंडी घेऊन आला. आबांनी माझ्या पानाकडे बोट केलं. "मॅडमले वाढ." त्याच वेळी भाऊही म्हणाला, "आठे तूप कमी शे." वाढप्याने माझ्या पानात भरपूर तूप ओतलं. मी बट्टी चुरत राहिले. दोन्ही बाजूंनी जेवणाचे आवाज येत होते, एक हळू, एक भराभर. भाऊचं आधी झालं, पण पंगत उठेपर्यंत तो पानावर बसून राहिला.

हात धुऊन मी वळले तेव्हा दोघंही गर्दीत गेले होते. वहिनी दिसल्या नाहीत. मी नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि शहाद्याला जाणाऱ्या एका वऱ्हाडाच्या टेम्पोत बायकांमध्ये बसून आले. त्या गाणी म्हणत होत्या, अहिराणीत. मला सगळी येत होती. घराशी उतरले, कुलूप काढलं, आणि त्या दिवशी जेवायचं नव्हतं म्हणून गॅस न पेटवता खिडकीपाशी बसून राहिले.